पहिली गोधडी शिवताय? मग हे वाचा

पहिल्याच खेपेला डबलबेडची गोधडी काढू नका, अर्धवट राहून माळ्यावर जाते. बाळाची करा. एका पाचवारी साडीच्या चार घड्या घातल्या की साधारण सव्वा मीटर लांबी-रुंदीचे चार थर आयतेच मिळतात.

जुन्या बाजारातून कापड घेताना रंगाला भुलू नका. कडेचा एक दोरा ओढून घरी काडीने पेटवून बघा. सुती असेल तर कागदासारखा जळतो आणि राख बोटांत चुरते. टेरिकॉट, नायलॉन वितळून त्याची टणक गुठळी होते. असली साडी आत घातली की सुईही अडते आणि उन्हाळ्यात पांघरणाराही घामाघूम. कापड उजेडात धरा, विरलेला भाग मधल्या थरात जाऊ द्या, धड भाग वर. आणि शिवण्याआधी सगळं गरम पाण्यातून काढाच. आटायचं ते आधीच आटू दे, नाहीतर पहिल्या धुण्यात गोधडी आखडते.

खरी मेहनत अंथरण्यात आहे. फरशीवर थर ताणून, हाताने सुरकुत्या बाहेर सारून, कोपऱ्यांवर वजन ठेवा (आमच्याकडे वरवंटा) आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला. मग कडेपासून धावदोरा घालत चौकोनातच आत आत यायचं. ओळींत दोन बोटांचं अंतर पुरे. टाके वाकडे पडले तरी उसवत बसू नका, दोरा मात्र घट्ट ओढू नका. जाड सुई आणि अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी) आधीच आणून ठेवा.