कोर्टात ‘एकेरीवर येणं’ आणि साहेबांचा अधिकार

सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका वाचकाने विचारलंय, की कोर्टात साहेब, म्हणजे न्यायाधीश, दोन्हीकडच्या वकिलांना अहो-जाहो करत होते आणि वडलांना मात्र “ए, तू इकडे ये, नीट उभा राह”, आम्ही आदिवासी म्हणूनच असं बोलले असं वाटलं, तर ह्याला एकेरीवर येणं म्हणायचं की अरेरावी, अर्जात कोणता शब्द टाकू? आणि इंग्रजीत सगळ्यांना यूच असतं तर तिकडे हा प्रश्नच येत नसेल ना?

येतो ना, चांगला सुप्रीम कोर्टापर्यंत गेलाय. तिथलं एकेरी सर्वनामात नसतं, हाक मारण्यात असतं. अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्या बाईला मिस नाहीतर मिसेस लावायचे आणि काळ्या बाईला नुसतं नाव, काळा माणूस नातवंडं असलेला का असेना त्याला ‘बॉय’. १९६३ मध्ये अलाबामा राज्यातल्या गॅड्सडेनच्या कोर्टात मेरी हॅमिल्टन नावाची नागरी हक्क चळवळीतली काळी कार्यकर्ती साक्षीला उभी होती, नाव विचारलं तर तिने मिस मेरी हॅमिल्टन असं पूर्ण सांगितलं, तरी सरकारी वकील पुढच्याच प्रश्नाला “मेरी” करून बोलला. तिने सांगितलं मला नीट नावाने बोलवा, त्याने परत मेरीच म्हटलं. मग ती म्हणाली नीट बोलवत नाही तोवर उत्तर देणार नाही. जज म्हणाले उत्तर दे, तिने दिलं नाही, आणि तिथल्या तिथे अवमान धरून पाच दिवस कैद अन ५० डॉलर दंड. राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही ते कायम ठेवलं, पण १९६४ मध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली, तीही जेमतेम काही ओळींच्या निकालात. त्या निकालात आधार म्हणून दाखवला होता सुप्रीम कोर्टाचाच आदल्या वर्षीचा, व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडच्या खटल्यातला निकाल, तिथे ट्रॅफिक कोर्टात एक काळा माणूस गोऱ्यांच्या बाजूच्या बाकावर बसला, जजने उठून काळ्यांच्या बाजूला जा म्हटलं, तर हा पुढे येऊन हाताची घडी घालून उभा राहिला, एवढ्यावरून अवमान धरून १० डॉलर दंड. तोही रद्द झाला होता. म्हणजे कोर्टात शांतता ठेवायचा अधिकार जजचाच, पण कोणाला मान द्यायचा अन कोणाला कुठे बसवायचं हे रंग बघून ठरवायचं आणि ऐकलं नाही की अवमान म्हणायचं, हे त्या अधिकारात बसत नाही.

आता आपल्याकडे या. खान्देशात नुसता ‘तू’ ऐकून कोणी भडकत नाही भो. अहिराणीत “ये ना आबा, बठ” म्हणतो तेव्हा क्रियापद एकेरी असतं आणि मान त्या ‘आबा’त असतो, जिभाऊ, नाना, बापू, आप्पा, आक्का ही सगळी त्याचीच सोय. पुण्याकडच्या माणसाला ते उद्धट वाटतं तो त्याचा प्रॉब्लेम. त्यामुळे ‘तू’ म्हटलं म्हणजे अपमान झालाच असं मी म्हणणार नाही. साहेब सगळ्यांनाच, वकिलांना पण, तू म्हणत असते तर तो बोलण्याचा ढंग म्हणून सोडून देता आला असता, फारतर विचित्र म्हटलं असतं. पण एकाच खोलीत काळ्या कोटाला अहो आणि धोतराला ए, इथे ढंगाची सबब चालत नाही, निवड झालेली आहे.

आता शब्दाचं. ‘एकेरीवर येणं’ ह्यात ‘येणं’ महत्त्वाचं आहे, आधी अहो चालू होतं आणि भांडता भांडता खाली घसरले, सभेत दोन पुढारी येतात तसं. तुमच्या साहेबांनी सुरुवातच तिथून केली, मग ते एकेरीवर आले कुठून, ते आधीच तिथे बसलेले होते! आणि अरेरावी म्हणजे दमदाटी, ती तुम्ही-आपण करत पण झकास करता येते, उलट कोर्टकचेरीत तशीच जास्त चालते. म्हणून दोन्ही शब्द नकोत, ‘एकेरी संबोधन केले’ हे बरोबर. आपली कागदाची मराठी तशी आधीपासूनच ह्यात तरबेज आहे, कोर्टाच्या आधी ‘मे.’ म्हणजे मेहेरबान लागतं आणि माणूस आला की ‘इसम नामे’.

वडलांनी तिथे उलट बोलायला हवं होतं का असंही विचारलंय. कामकाज चालू असताना मुद्दाम अपमान केला किंवा व्यत्यय आणला तर खालच्या कोर्टालासुद्धा त्याच दिवशी, कोर्ट उठायच्या आत दंड करता येतो, पण आधी म्हणणं मांडायची संधी देऊनच, आणि दंड पूर्वी २०० रुपयांपर्यंत होता, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १००० पर्यंत. “साहेब, मला नावाने बोलवा” एवढं हात जोडून म्हणणं अपमानात कसं बसेल मला समजत नाही, तरी तिथल्या तिथे वाद घालण्यापेक्षा वकिलाकरवी सांगितलेलं बरं. दुसऱ्या बाजूने बघा तर १९७१ च्या अवमान कायद्यात कलम १६ आहे, न्यायाधीशाकडून सुद्धा कोर्टाचा अवमान होऊ शकतो असं सांगणारं, ते कोणी वाचत नाही. २०२४ मध्ये कर्नाटक हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी बंगळूरच्या एका वस्तीला पाकिस्तान म्हटलं, व्हिडिओ फिरला, सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि त्या न्यायमूर्तींनी भर कोर्टात दिलगिरी व्यक्त केल्यावर प्रकरण मिटवलं. आणि न्यायाधीशांच्या वागणुकीची २००२ ची बंगलोर तत्त्वं आहेत, त्यात वंश, रंग, धर्म ह्यांच्या ओळीत ‘जात’ पण आहे, आणि जजने स्वतः भेदभाव करायचा नाही एवढंच नाही, समोरच्या वकिलालाही करू द्यायचा नाही असं म्हटलंय. गॅड्सडेनच्या जजने नेमकं ह्याच्या उलटं केलं होतं.

खालच्या कोर्टांवर नियंत्रण हायकोर्टाचं असतं, घटनेच्या कलम २३५ प्रमाणे, म्हणून अर्ज प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे किंवा हायकोर्टाच्या रजिस्ट्रारकडे जाऊ शकतो. त्यात विशेषणं भरू नका. तारीख, केस नंबर, आणि साहेब जे बोलले ते जसंच्या तसं अवतरण चिन्हात, “ए” सकट, त्याच्या लगेच खाली वकिलांना काय म्हणाले ते. जातीचं नाव घेतलं असेल तर तेही शब्दशः लिहा, नसेल घेतलं तर ‘जातीवाचक’ हा शब्द घालू नका, त्याचा कायद्यात वेगळा अर्थ होतो आणि तिथेच अर्ज अडकेल.