गाडी प्लगला, पण चार्जिंग थांबलेलं?

प्रश्न: संध्याकाळी ईव्ही प्लगला लावली तरी चार्जिंग सुरू होत नाही, अ‍ॅपवर नुसतं 'शेड्यूल्ड' दिसतं. सकाळी बॅटरी अर्धवट राहिली तर?

उत्तर: नाही राहणार, अ‍ॅपमध्ये सकाळी निघायची वेळ तेवढी नीट टाका. संध्याकाळी सगळ्यांचे एसी, दिवे एकदम चालू, वीज महाग, म्हणून चार्जिंग आपोआप थांबतं आणि विजेची मागणी उतरली की सुरू होतं. ७ किलोवॅटच्या चार्जरला २१ युनिट भरायला साधारण ३ तास लागतात, गाडी तर रात्रभर उभीच असते, मग घाई कशाला? अर्थात वेळेनुसार दर बदलत नसतील तर बिलात काही फरक नाही. आणि स्वस्त म्हणजे स्वच्छच असं नाही हां, रात्रीची वीज बऱ्याच ठिकाणी कोळशाची असते, सोलरची हवी तर दुपारी लावा.