वाचकांचे प्रश्न : हलक्या जमिनीतील बाजरी आणि शेणखत

प्रश्न : आमची जमीन मुरमाड असून मातीचा थर जेमतेम वीतभर आहे. गेल्या हंगामात पेरणीच्या आठ दिवस आधी उकिरड्यातले शेणखत पसरले, तरीही बाजरी गुडघ्याएवढी होण्याआधीच खालची पाने पिवळी पडली. यंदा एका एकरासाठी टनभरच खत आहे. रासायनिक खत न घालता पीक येईल का?

उत्तर : पीक येईल, परंतु खताची प्रत आणि ते टाकण्याची जागा या दोन्ही गोष्टी बदलाव्या लागतील. खालची पाने आधी पिवळी पडणे हे नत्राच्या (नायट्रोजनच्या) कमतरतेचे लक्षण आहे आणि तुम्ही दिलेल्या तपशिलावरून खत अर्धे कच्चे असावे असे वाटते. कच्च्या खतातील काडीकचऱ्यात कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र अत्यल्प असते; तो कुजवताना जिवाणू आपली नत्राची गरज जमिनीतूनच भागवतात आणि रोपे नेमकी वाढीच्या काळात उपाशी राहतात. चांगल्या कुजलेल्या खतात कर्ब-नत्राचे प्रमाण २०:१ किंवा त्याहून कमी असते, तर नुसत्या काडात ते ८०:१ च्या आसपास असते.

ही परीक्षा घरच्या घरी होते. ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाहा : आत ऊब लागली, शेणाचा उग्र वास आला किंवा काडी ओळखू आली, तर ते खत यंदा वापरू नका, पाणी शिंपडून ढीग वर-खाली करा आणि मातीने झाकून ठेवा. तयार खत काळपट व भुसभुशीत असते, त्याला ओल्या मातीचा वास येतो, मुठीत दाबल्यास त्याचा गोळा होतो आणि बोट लावताच तो फुटतो.

आता जागेविषयी. टनभर खत एकरभर पसरले, तर एका चौरस मीटरला पाव किलोच येते आणि त्यातले बरेचसे ओळींच्या मधल्या तणांच्या वाट्याला जाते. त्याऐवजी ४५ सेंटिमीटरवर काकऱ्या (उथळ चर) पाडून खत काकरीतच टाकावे. एक मीटर लांबीला सुमारे ११० ग्रॅम, म्हणजे मोठी मूठभर खत मिळते आणि ते थेट मुळांजवळ राहते. टाकल्यावर त्याच दिवशी मातीआड करावे, कारण उन्हात उघड्या पडलेल्या खतातील नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. पश्चिम आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात खत मुळांजवळच राहावे म्हणून पावसाआधी लहान खड्डे खणून त्यांत खत घालतात आणि तिथेच बाजरी पेरतात. खड्ड्यात पाणीही साठते.

टनभर शेणखतात साधारण ५ किलो नत्र असते आणि पहिल्या हंगामात त्यातला निम्म्याहून कमी भाग पिकाला मिळतो, हे ध्यानात घेऊनच उत्पादनाची अपेक्षा ठेवावी. दर दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ घ्यावी, असा माझा आग्रह आहे; तिची गळलेली पाने पुढच्या पिकाच्या कामी येतात.

प्रश्न : शेणखताऐवजी ताजे कोंबडखत चालेल का?

उत्तर : ताजे नको. त्यात नत्र शेणखताच्या कितीतरी पट असते आणि त्यातून निघणारा अमोनिया कोवळे अंकुर जाळतो. काडाबरोबर थर लावून निदान दोन महिने कुजवावे, शेणखताच्या चौथाई मात्रेत वापरावे आणि बियाण्याला त्याचा स्पर्श होऊ देऊ नये.