परकीय मदतीचा ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या सोलरला काही उपयोग होतो का?

थेट नाही. ही मदत बहुतेक स्वस्त कर्जाच्या रूपात येते. जागतिक बँकेने 2016 मध्ये छतांवरच्या सौरऊर्जेसाठी स्टेट बँकेला 62.5 कोटी डॉलर मंजूर केले. त्यात निव्वळ अनुदान 50 लाख डॉलर, बाकी कर्ज. भर कारखाने, व्यापारी इमारती आणि संस्थांच्या छतांवर होता.

स्वस्त व्याज सोलरला फार मानवतं. जवळपास सगळा खर्च सुरुवातीलाच, पुढे इंधन फुकट. म्हणून व्याज दोन टक्क्यांनी उतरलं तरी युनिटचा दर चांगलाच घटतो. अडतं ते चलनात. कर्ज डॉलरमध्ये, बिलाची वसुली रुपयात; रुपया घसरण्याच्या जोखमीपासून संरक्षण विकत घ्यायला गेलं की व्याजातली बचत बरीचशी तिथेच संपते. गरीब देशांत आणखी वाईट घडतं: मदतीतून पॅनल येतात, देखभालीचा निधी येत नाही, आणि इन्व्हर्टर गेला की गावाचा पंप बंद पडतो.

तुमच्या कामाची आहे ती केंद्राची सूर्यघर योजना. लिफ्ट, पंप अशा सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये मिळतात. किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट मोकळी गच्ची धरा, पण पाण्याच्या टाकीची सावली कुठवर येते ते आधी पाहा.