डॉक्टरांना विचारा : यकृत नवं, सिस्ट कदाचित जुनीच

प्रश्न : माझं वय ५८. तीन वर्षांपूर्वी यकृत प्रत्यारोपण झालं, टॅक्रोलिमस चालू आहे. पित्तनलिका अरुंद झाली आहे का हे पाहायला एमआरसीपी (पित्त आणि स्वादुपिंडाच्या नलिकांचा एमआरआय) केली. नलिका ठीक निघाली, पण स्वादुपिंडात १४ मिलिमीटरची सिस्ट (द्रवाने भरलेली पिशवी) दिसली. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळे तिचा कॅन्सर होईल का? गोळ्या कमी करू, की सिस्ट काढूनच टाकू?

उत्तर : आधी एक सांगतो, गोळ्यांना हात लावू नका. टॅक्रोलिमस मनाने कमी केलं तर शरीर यकृत नाकारू शकतं. तो धोका आजचा आहे. एवढ्याशा सिस्टचा असलाच तर लहान आणि लांबचा.

तुमची भीती अनाठायी नाही. प्रत्यारोपणानंतर त्वचेचे आणि लसीका ग्रंथींचे कॅन्सर अधिक होतात, मग स्वादुपिंडाबद्दल शंका येणारच. पण अशा रुग्णांवर लक्ष ठेवलेल्या अभ्यासांत स्वादुपिंडाच्या उपनलिकांमधल्या सिस्ट, म्हणजे शाखा-नलिका आयपीएमएन, इतरांपेक्षा वेगाने बिघडल्याचं दिसलं नाही. म्हणून २०१८ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी प्रत्यारोपण झालेल्यांची देखरेखही इतरांसारखीच करायला सांगितलं.

अहवालात आकड्याखालच्या ओळी वाचा. स्वादुपिंडाची मुख्य नलिका ५ मिलिमीटरच्या आत आहे का? सिस्टच्या भिंतीवर घट्ट गाठ आहे का? भिंत जाड झाली आहे का? हे सगळं ठीक असेल आणि सिस्ट २ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर आयपीएमएनसाठीच्या २०२४ च्या आंतरराष्ट्रीय क्योटो सूचनांप्रमाणे सहा महिन्यांनी एकदा आणि बदल नसेल तर पुढे दर १८ महिन्यांनी तपासणी पुरते. शस्त्रक्रियेचा विषय आत्ता नाही. प्रत्यारोपणानंतर पोटात आतडी चिकटलेली असतात, तिथे पुन्हा उतरायला कारणही तेवढंच भक्कम लागतं.

आता घरचा अभ्यास. प्रत्यारोपणाआधीचे सीटी, एमआरआय शोधा. नुसता कागद नको, प्रतिमांची सीडी हवी. त्या वेळी सगळ्यांचं लक्ष यकृतावर असतं, कोपऱ्यातली ९ मिलिमीटरची सिस्ट अहवालात येतेच असं नाही. (‘क्लिनिकल कोरिलेशन करावे’ हे वाक्य मात्र कधी राहत नाही.) जुन्या प्रतिमेत ती दिसली, तर वाढीचा वेग आजच कळेल. वर्षाला २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त वाढ असेल, तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडचा (तोंडातून दुर्बीण घालून आतून केलेल्या सोनोग्राफीचा) विचार करावा लागतो.

तुमच्यासारख्यांच्या बाबतीत मला खरी काळजी वाटते ती खुणा एकमेकींत मिसळण्याची. नव्याने सुरू झालेला मधुमेह ही सिस्टवाल्यांसाठी धोक्याची खूण, पण टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइडही साखर वाढवतात. सीए १९-९ (रक्तात मोजला जाणारा कॅन्सरचा निर्देशक) वाढला तर धास्ती वाटते, पण पित्त तुंबलं तरी तो वाढतो. कावीळ झाली की सगळे यकृताकडे धावतात, बरोबरच आहे, पण सिस्ट स्वादुपिंडाच्या डोक्यात असेल तर तिलाही विचारात घ्यावं लागतं. तेव्हा प्रत्यारोपणाच्या फाइलच्या पहिल्या पानावर सिस्टची जागा, आकार आणि तारीख लिहून घ्या. तपासणी शक्यतो एमआरसीपीनेच करा. साध्या एमआरसीपीला कॉन्ट्रास्ट (प्रतिमा स्पष्ट दिसावी म्हणून शिरेतून द्यायचं औषध) लागत नाही, टॅक्रोलिमसने थकलेल्या मूत्रपिंडांना तेवढाच आराम. शिवाय पित्तनलिकाही त्याच फेरीत पाहून होते.

प्रश्न : बहिणीची प्रत्यारोपणाआधीची तपासणी चालू आहे. स्वादुपिंडात ८ मिलिमीटरची सिस्ट निघाली. तिचं नाव यादीतून काढतील का?

उत्तर : एवढ्यावरून सहसा नाही. मुख्य नलिका रुंद किंवा भिंतीवर गाठ असेल, तर मात्र आधी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड आणि गरज पडल्यास सुईने द्रव काढून तपासणी. कॅन्सरची शंका प्रत्यारोपणाआधी मिटवावी लागते, नंतर नव्हे.