प्लेटो एकत्र वाचताना: पानांचा घोळ आणि ‘आत्मा’ शब्दाची अडचण

प्रश्न: आम्ही दादरचे आठजण महिन्यातून दोनदा जमून प्लेटो वाचतो. प्रत्येकाचा अनुवाद वेगळा, त्यामुळे अर्धा वेळ पान शोधण्यात जातो. त्याच्या ‘युथिफ्रो’ या संवादाला किती बैठका द्याव्यात? मंडळाची नोंदणी करावी का?

उत्तर: पुस्तकाचं पान सांगू नका, समासातला आकडा सांगा. १५७८ साली आंरी एस्तिएनने छापलेल्या प्लेटोच्या तीन खंडांतल्या पानांचे हे आकडे. प्रत्येक पानाचे ए ते ई असे पाच भाग. ज्या अनुवादात ते नाहीत, तो बैठकीत आणू नये. संवादाचं नावही घ्याच. खंडागणिक आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, म्हणून ‘१७ए’ ही ‘अपॉलॉजी’चीही सुरुवात आहे आणि ‘टिमिअस’चीही.

‘युथिफ्रो’ला चार बैठका द्या: २ए–६ई, ६ई–९ई, १०ए–११ई, ११ई–१६ए. तिसरा भाग जेमतेम दोन पानांचा, पण वेळ तिथेच लागतो. एखादी गोष्ट देवांना प्रिय म्हणून पवित्र, की पवित्र म्हणून प्रिय? मंडळी ‘दोन्ही’ म्हणून पुढे सरकतात आणि युक्तिवाद हातचा जातो. दोष ‘प्रिय’ या विशेषणाचा: त्यात क्रिया दिसत नाही. ‘देव जिच्यावर प्रेम करतात ती’ असं वाचा. कोणी उचलतं म्हणून वस्तू उचललेली ठरते, ती उचललेली आहे म्हणून कोणी उचलत नाही; सॉक्रेटिसचा हा दाखला मग लगेच लागू पडतो.

वर्गणी, देणग्या घेणार नसाल तर नोंदणीची घाई नको. करायचीच तर किमान सात सदस्य लागतात. काम वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात होतं.

प्रश्न: ‘सायकी’ या ग्रीक शब्दाला ‘आत्मा’ म्हटलं तर चालेल?

उत्तर: प्लेटोच्या ‘फीडो’त बरंचसं चालतं, तिथे सायकी अमर आहे, पुन्हा जन्मही घेते. ॲरिस्टॉटल वाचताना मात्र हाच शब्द आडवा येतो. त्याच्या लेखी तुळशीलाही सायकी आहे, कारण ती अन्न घेते, वाढते, बी धरते. डोळा हा प्राणी असता तर दृष्टी ही त्याची सायकी झाली असती, असं तो ‘डी ॲनिमा’ या ग्रंथात, ४१२बीमध्ये म्हणतो. (हे आकडे बेकरने संपादित केलेल्या ॲरिस्टॉटलच्या बर्लिन आवृत्तीचे, रकाने दोनच: ए आणि बी.) दृष्टी डोळ्यातून काढून वेगळी ठेवता येत नाही. बुद्धीचा प्रश्न तो निराळा ठेवतो, पण एरवी सायकी शरीरापासून सुटी होत नाही. ‘आत्मा’ म्हटलं की ‘नैनं छिन्दन्ति शस्त्राणि’ आठवतं आणि चर्चा गीतेकडे वळते. म्हणून पहिल्या दोन बैठका ‘सायकी’च म्हणा, व्याख्या पक्की झाली की मराठी शब्द सगळ्यांनी मिळून ठरवा. ‘जीवनशक्ती’ही जपूनच, कारण त्यातून शरीरात शिरलेली एखादी निराळी वस्तू सूचित होते.