जुनी स्पोर्ट्स कार सोलापूरच्या उन्हाळ्यात रोज वापरली तर इंजिन तापेल का?

बिनधास्त चालवा, उभी गाडी जास्त बिघडते. मे महिन्यात इथं पारा 42 अंशांपुढे जातो, तेव्हा सर्वात जपायचं ते सात रस्ता, नवी पेठेच्या गर्दीत. गाडी थांबली की वारा बंद, सगळी भिस्त रेडिएटरच्या पंख्यावर. तो वेळेवर सुरू होतो का, हे आधी बघा.

बोअरचं पाणी अजिबात घालू नका, क्षार साचून रेडिएटर चोंदतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला.

टेम्परेचरचा काटा मध्यावर आला तरी ऑइल अजून पुरतं तापलेलं नसतं. पहिली दहा मिनिटं 3000 आरपीएमच्या आतच ठेवा.

काटा चढला तर एसी बंद, हीटर फुल. तरी उतरेना, तर लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, फार वाईट भाजतं.